खून कोणी केला, आणि जाब कोणाला विचारायचा? : मुंबईतील खूनरहस्य चित्रमालिका व तिचा वारसा (१९१५–१९४४)

प्रस्तावना

मराठीत चित्रपटाचा इतिहास लिहिला जातो तेव्हा त्याचे टप्पे जवळपास ठरलेले असतात. १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’, त्यानंतर कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी आणि १९२९ पासून ‘प्रभात’. हा क्रम चुकीचा नाही; मात्र तो अपुरा आहे. याच काळात मुंबईच्या चित्रपटगृहांत चार आणे मोजून बसणारा पिटातला प्रेक्षक आणखी काही पाहत होता. खून, मुखवटा, पाठलाग, कड्यावरून लोंबकळणारी नायिका आणि ‘पुढील भाग पुढील आठवड्यात’ असे आश्वासन देऊन थांबणारी कथा, हे त्याचे आवडते खाद्य होते. या प्रकाराला त्या काळी सरळ ‘सिरियल’ म्हटले जाई. प्रस्तुत निबंधात त्यासाठी ‘चित्रमालिका’ हा शब्द वापरला आहे.

चित्रमालिका हा करमणुकीचा उथळ प्रकार मानला गेल्याने इतिहासकारांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. तिची दखल घेतली गेली ती बहुतांशी पोलीस, सेन्सॉर मंडळ आणि सरकारी चौकशी समिती यांच्याकडून. म्हणजे तिच्याकडे संशयाने पाहणाऱ्यांकडून. ज्या विषयाचे साक्षीदार प्रामुख्याने फिर्यादी पक्षाचे आहेत, त्याचा इतिहास लिहिताना अधिक सावध राहावे लागते.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे आहे की, अमेरिकन खूनरहस्य चित्रमालिकेचा मूळ प्रश्न ‘खून कोणी केला?’ हा होता. मुंबईत आल्यावर या प्रश्नाचे रूप बदलले. वसाहतीच्या महानगरात आणि संस्थानांच्या शेजारात वावरणाऱ्या प्रेक्षकाला खून कोणी केला याचा अंदाज पुष्कळदा आधीच असे. त्याच्यापुढचा खरा प्रश्न ‘जाब कोणाला विचारता येतो?’ हा होता.

साधने व मर्यादा

या विषयाच्या अभ्यासात पहिली अडचण मूळ साधनांची आहे. भारतात मूकपटांच्या काळात सुमारे १३०० चित्रपट निर्माण झाले असावेत, असा अंदाज सामान्यतः मांडला जातो. त्यांपैकी पूर्ण अथवा अंशतः आज उपलब्ध असलेले मूकपट काही डझनांच्या आत आहेत. नायट्रेटवरील फिल्म ज्वालाग्राही असते, ती काळानुसार कुजते, आणि त्यातील चांदी काढून घेण्यासाठी जुनी रिळे मोडीतही विकली गेली. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर बहुतेक नुकसान होऊन गेले होते. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातील फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील नायट्रेट साठ्याला लागलेल्या आगीत जे उरले होते त्यातीलही मोठा भाग नष्ट झाला.

त्यामुळे निबंधात पुढे ज्या चित्रपटांचा विचार केला आहे, त्यांपैकी काहींच्या प्रती आज अस्तित्वात नाहीत. त्यांची माहिती चित्रपटसूची, चरित्रपर लेखन आणि कायदे व चौकशी समित्यांची प्रकाशित कागदपत्रे यांवरून मिळते. जो चित्रपट पाहता येत नाही, त्यातील प्रसंगांविषयी या निबंधात कोणतेही विधान केलेले नाही. असा चित्रपट केव्हा निघाला, कोणत्या घटनेवर निघाला आणि त्या वेळी कायद्याची स्थिती काय होती, एवढ्याच गोष्टींचा आधार घेतला आहे.

मूळ रूप : ‘एक्सप्लॉइट्स ऑफ इलेन’

खूनरहस्य चित्रमालिकेचा नमुना म्हणून ‘एक्सप्लॉइट्स ऑफ इलेन’ या अमेरिकन चित्रमालिकेकडे पाहता येते. १९१४ च्या अखेरीस सुरू झालेली ही मालिका १४ भागांची होती. पर्ल व्हाइट ही तिची नायिका. त्याच वर्षी आलेल्या २० भागांच्या ‘पेरिल्स ऑफ पॉलिन’मुळे ती अगोदरच जगप्रसिद्ध झाली होती. कथेचा आरंभच खुनाने होतो. विमा कंपनीचे अध्यक्ष असलेल्या इलेनच्या पित्याचा ‘क्लचिंग हँड’ नावाचा मुखवटाधारी गुन्हेगार खून करतो. क्रेग केनेडी हा वैज्ञानिक पद्धतीने तपास करणारा गुप्तहेर आणि इलेन त्याचा माग काढू लागतात. प्रत्येक भागात नायिका संकटात सापडते, सुटते आणि रहस्य थोडे पुढे सरकते. अखेरीस मुखवट्यामागचा माणूस इलेनच्या विश्वासातला वकील निघतो. या मालिकेची कथा आठवड्याच्या आठवड्याला वृत्तपत्रांतही छापली जात असे. वाचक आणि प्रेक्षक यांची अशी सांगड घालणे हा चित्रमालिकेच्या धंद्याचा पाया होता. या मालिकेचे ऐतिहासिक मोल ओळखून १९९४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत तिचा समावेश करण्यात आला.

या रचनेची दोन वैशिष्ट्ये येथे महत्त्वाची आहेत. पहिले म्हणजे, गुन्हेगार घरातला, ओळखीचा आणि प्रतिष्ठित असतो. दुसरे म्हणजे, एकदा मुखवटा उतरला की प्रश्न सुटतो. पोलीस आणि न्यायालय आपले काम करणारच, असे गृहीत धरलेले असते. ओळख पटली की न्याय झाला. ही दुसरी गोष्ट प्रत्येक समाजाला जशीच्या तशी लागू पडत नाही.

मुंबईतील स्वागत आणि मराठी वाचकाची पूर्वतयारी

पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपीय चित्रपटांची आवक घटली आणि अमेरिकन चित्रपटांनी भारताची बाजारपेठ व्यापली. पर्ल व्हाइट आणि एडी पोलो ही नावे मुंबईच्या प्रेक्षकाला घरच्यासारखी परिचित झाली. अमेरिकेत चित्रमालिकेचा आठवड्याला एक भाग दाखवीत. येथे अनेकदा तीन-चार भाग एकाच खेळात दाखवले जात. मूकपटात संवादांच्या पाट्या येत. देशी चित्रपटांत त्या तीन-चार भाषांत लिहिलेल्या असत, आणि ज्याला वाचता येई तो शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवी. परदेशी पाट्यांचा अर्थही असाच तोंडी पसरे. खूनरहस्याचा उलगडा हा अशा प्रकारे सामुदायिक वाचनाचा विषय बनला होता.

मराठी समाजाला भागाभागांनी उलगडणारी कथा नवी नव्हती. १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू करून हरि नारायण आपटे यांनी कादंबरी प्रकरणशः वाचण्याची सवय लावली होती. रेनॉल्ड्सच्या रहस्यरम्य कादंबऱ्यांच्या धर्तीवरील लेखनालाही मराठीत वाचक होता. पुढे बाबूराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, त्या याच भूमीत रुजल्या. चित्रपटाच्या क्षेत्रात भागशः कथनाचा पहिला भारतीय प्रयोग एका मराठी माणसानेच केला. श्रीनाथ पाटणकर यांनी १९१८ साली ‘राम वनवास’ चार भागांत काढला. ती भारतातील पहिली चित्रमालिका मानली जाते. १९२९ साली ‘हातिमताई’ही चार भागांत आला. मात्र या दोन्हींचे विषय पुराण आणि अद्भुत कथा यांतले होते. परदेशी चित्रमालिकेची भागशः रचना देशी चित्रपटाने पुराणासाठी आणि अद्भुतासाठी वापरली. तिचा गाभा, म्हणजे समकालीन शहरातील खून, मात्र अखंड चित्रपटांतून पुढे आला. त्यासाठी कथानक शोधावे लागले नाही. मुंबईच्या न्यायालयात ते उपलब्ध होते.

खटल्यापासून पडद्यापर्यंत : ‘काला नाग’ आणि ‘कुलीन कांता’

द्वारकादास संपट यांच्या कोहिनूर फिल्म कंपनीने १९२४ साली ‘काला नाग’ हा चित्रपट काढला. मुंबईत गाजलेल्या चांपसी-हरिदास खून खटल्यावर तो बेतलेला होता. त्याचे दिग्दर्शक कांजीभाई राठोड हे दक्षिण गुजरातमधील दलित समाजातून आलेले होते आणि भारतातील आरंभीच्या यशस्वी व्यावसायिक दिग्दर्शकांत त्यांची गणना होते. त्यांच्याच ‘भक्त विदुर’ (१९२१) या पौराणिक चित्रपटावर राजकीय सूचकतेमुळे मद्रास आणि कराची येथे बंदी आली होती. पुराणातील पात्राच्या आडून वर्तमानाविषयी बोलता येते आणि सत्तेला ते झोंबते, हे ज्याने अनुभवले होते तोच दिग्दर्शक तीन वर्षांनी समकालीन खून पडद्यावर आणतो, हा योगायोग दुर्लक्षिण्याजोगा नाही.

‘काला नाग’नंतर वर्षभरातच मुंबईत असा खून झाला की त्यापुढे कोणतीही चित्रमालिका फिकी पडावी. १२ जानेवारी १९२५ रोजी सायंकाळी मलबार हिलवर धनिक व्यापारी अब्दुल कादिर बावला यांची मोटार दुसऱ्या मोटारीतून आलेल्या टोळीने अडवली. मोटारीत मुमताज बेगम होती. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या आश्रयातून ती बाहेर पडली होती. हल्लेखोरांचा उद्देश तिला पळवून नेण्याचा होता. बावला यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. मुमताजच्या चेहऱ्यावर वार करण्यात आले. योगायोगाने तेथून मोटारीने जाणारे ब्रिटिश लष्करी अधिकारी मध्ये पडले, म्हणून तिचे अपहरण टळले आणि काही हल्लेखोर जागीच सापडले. बावला यांचा मृत्यू झाला.

मुंबई उच्च न्यायालयात न्या. क्रम्प यांच्यापुढे नऊ आरोपींवर खटला चालला. आरोपींपैकी एकाच्या बचावासाठी बॅ. महंमद अली जिना उभे होते. मुमताजने न्यायालयात साक्ष दिली. तिघांना फाशीची आणि अन्य काहींना जन्मठेपेची शिक्षा झाली. आरोपींपैकी अनेकांचा इंदूर दरबाराशी संबंध होता. हल्ल्यामागची प्रेरणा कोठून आली, याची चर्चा शहरभर होती; पण संस्थानिकाला मुंबईच्या न्यायालयात आरोपी म्हणून उभे करणे शक्य नव्हते. सरकारने महाराजांपुढे दोन पर्याय ठेवले : चौकशी आयोगाला सामोरे जावे किंवा गादी सोडावी. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली. दोषी ठरवणारा निकाल त्यांच्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयाने दिलेला नाही, ही नोंद येथे आवश्यक आहे. त्याच वेळी, असा निकाल देण्याची मुभा कोणत्याही न्यायालयाला नव्हती, हेही तितकेच खरे आहे.

खुनाच्या वर्षीच, १९२५ मध्ये, कोहिनूर कंपनीने होमी मास्टर यांच्या दिग्दर्शनाखाली ‘कुलीन कांता’ हा चित्रपट या प्रकरणावर काढला. त्याची कथा मोहनलाल दवे यांची होती. या घटनाक्रमाकडे नीट पाहिले पाहिजे. १९२२ च्या कायद्याने, ब्रिटिश हिंदुस्थानातील मुद्रित मजकुरातून संस्थानिकांविषयी अप्रीती पसरवण्यास प्रतिबंध केला होता. केंद्रीय कायदेमंडळाचा विरोध असतानाही व्हाइसरॉयनी आपल्या विशेषाधिकारात तो कायदा अमलात आणला होता. वृत्तपत्रांवर या कायद्याची टांगती तलवार होती, न्यायालयाला अधिकारक्षेत्राची मर्यादा होती. आणि याच वेळी एक देशी कंपनी त्याच विषयावर चित्रपट काढून तो सामान्य प्रेक्षकापुढे ठेवत होती. गोळी झाडणारे हात पकडले गेले होते आणि खटल्याचा तपशील रोजच्या वर्तमानपत्रांत छापला जात होता. म्हणजे मुंबईकर प्रेक्षक चित्रपटगृहात शिरला तो खुनी कोण हे शोधण्यासाठी नव्हे. त्या हातांमागे कोण आणि त्याचे काय होणार, हा प्रश्न तो सोबत घेऊन आला होता. अमेरिकन चित्रमालिकेत मुखवटा उतरला की कथा संपे. येथे सर्वांना चेहरा दिसत असल्याचा समज होता, तरी कथा संपत नव्हती.

या प्रकरणाची दुसरीही एक बाजू आहे. चित्रमालिकेतील नायिका प्रत्येक भागात संकटातून सुटते आणि पुढच्या भागात ताजीतवानी उभी राहते. मुमताज ही पडद्यावरची नायिका नव्हती. तिच्या चेहऱ्यावरचे वार खरे होते. असे असताना ती न्यायालयात उभी राहून बोलली. बावला प्रकरणावरील लेखनात तिचे सौंदर्य आणि दरबारातील वास्तव्य यांचीच वर्णने अधिक आढळतात. एक साक्षीदार म्हणून तिने दाखवलेल्या धैर्याची नोंद त्या मानाने कमी घेतली जाते. या प्रकरणात जाब विचारण्याचे काम सर्वप्रथम तिने केले, हे इतिहासाने स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

एकाच टेबलावरील दोन फायली

१९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार १९२० साली मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि रंगून येथे सेन्सॉर मंडळे स्थापन झाली. मुंबईचे पोलीस आयुक्त हेच तेथील मंडळाचे पदसिद्ध अध्यक्ष असत. बावला खुनाच्या वेळी आयुक्तपदी पॅट्रिक केली होते. म्हणजे ज्या कार्यालयाने खुनाचा तपास केला, त्याच कार्यालयाच्या प्रमुखाच्या अध्यक्षतेखालील मंडळाकडे त्या खुनावरील चित्रपटाचे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार होता. गुन्हा आणि गुन्ह्याची कथा या दोन्हींवर एकाच सत्तेची देखरेख होती.

ऑक्टोबर १९२७ मध्ये दिवाणबहादूर टी. रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय सिनेमॅटोग्राफ समिती नेमण्यात आली. तीन भारतीय व तीन युरोपीय सदस्य असलेल्या या समितीने देशभर फिरून साडेतीनशेच्या आसपास साक्षी नोंदवल्या. त्यांत दादासाहेब फाळके यांचीही साक्ष होती. १९२८ साली समितीचा अहवाल आला. समितीपुढे आलेल्या तक्रारींत दोन सूर ठळक होते. अमेरिकन चित्रपटांमुळे गोऱ्या स्त्रीची प्रतिमा ‘नेटिवां’च्या नजरेत खालावते, हा एक, आणि गुन्ह्यांची दृश्ये पाहून अशिक्षित प्रेक्षक गुन्हे शिकतो, हा दुसरा. सिनेमामुळे समाज बिघडतो, ही सरसकट तक्रार समितीने मान्य केली नाही. पण या साक्षींमध्ये एक उणीव सतत जाणवते. प्रेक्षकाविषयी बोलणारे बहुतेक लोक अधिकारी, शिक्षक, वितरक आणि प्रतिष्ठित नागरिक होते. पिटात बसणाऱ्या गिरणी कामगाराला खूनरहस्यात काय दिसत होते, हे त्याला स्वतःला फारसे कोणी विचारले नाही. त्याच्याविषयीची भीती नोंदली गेली. त्याचे मत नोंदले गेले नाही. ‘प्रेक्षक गुन्हा शिकेल’ या भीतीमागे ‘प्रेक्षक जाब विचारायला शिकेल’ ही भीती कितपत होती, याचे थेट उत्तर कागदपत्रांतून मिळत नाही. परंतु पोलीस प्रमुखाने सेन्सॉर मंडळाचे अध्यक्ष असावे, ही रचनाच पुरेशी बोलकी आहे.

सीमेपलीकडे : निजामाचे राज्य

आपण ज्या शहरात हा विषय अभ्यासतो आहोत, त्या आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे तत्कालीन औरंगाबादचा, विचार येथे करणे आवश्यक आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हे शहर हैदराबाद संस्थानात होते. ‘काला नाग’ मुंबईत तयार झाला त्याच सुमारास हैदराबादेत धीरेंद्रनाथ गांगुली यांची लोटस फिल्म कंपनी काम करीत होती. १९२४ साली त्यांनी आपल्या चित्रपटगृहात ‘रझिया बेगम’ हा चित्रपट दाखवला. मुस्लिम राणी आणि तिचा हिंदू प्रियकर यांची ही कथा निजाम मीर उस्मान अली खान यांच्या रोषास पात्र ठरली आणि गांगुली यांना तातडीने संस्थान सोडण्याचा हुकूम झाला. ते कलकत्त्याला परतले आणि हैदराबादेतील चित्रपटनिर्मितीचा हा प्रारंभिक प्रयत्न तेथेच थांबला.

या दोन घटनांची तुलना उद्बोधक आहे. मुंबईत संस्थानिकाशी जोडल्या गेलेल्या समकालीन खुनावर चित्रपट निघू शकला. संस्थानात मात्र सातशे वर्षांपूर्वीच्या राणीची प्रेमकथाही चालली नाही. मुंबई प्रांतातील स्वातंत्र्य मोठे होते असे यावरून म्हणता येणार नाही. ‘भक्त विदुर’वरील बंदी त्याची साक्ष देते. फरक असा की, मुंबईत सत्तांच्या हद्दी एकमेकींना छेदत होत्या आणि त्या फटीत चित्रपटाला जागा मिळत होती. संस्थानात सत्ता एकसंध होती. तेथे फट नव्हती. मराठवाड्यात चित्रपटनिर्मितीची परंपरा का निर्माण झाली नाही, याची कारणे शोधताना आपण साधारणतः भांडवल व यंत्रसामग्री यांच्या अभावाकडे बोट दाखवतो. त्या कारणांच्या जोडीला या राजकीय कारणाचाही विचार व्हावयास हवा.

बोलपटातील वारसा : मुखवटा कोण घालतो?

मूकपटाच्या अखेरच्या पर्वात चित्रमालिकेचे संस्कार देशी स्टंटपटांत मुरले. मास्टर विठ्ठल हे शारदा फिल्म कंपनीच्या चित्रपटांतून साहसी नायक म्हणून पुढे आले. गणपतराव पवार दिग्दर्शित ‘दिलेर जिगर’ (१९३१) हा मूकपट सुदैवाने आज उपलब्ध आहे. राजाच्या खुनापासून सुरू होणाऱ्या या कथेत अन्यायाविरुद्ध लढणारी नायिका मुखवटा धारण करते. ती भूमिका त्या वेळी अंबू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ललिता पवार यांनी केली. येथे झालेला बदल लक्षणीय आहे. ‘क्लचिंग हँड’चा मुखवटा गुन्हेगाराला लपवतो, ‘दिलेर जिगर’मधील मुखवटा जाब विचारणाऱ्याला संरक्षण देतो. सत्ताधारीच खुनी असेल, तर त्याला चेहरा लपवण्याची गरज नसते. चेहरा लपवावा लागतो तो त्याच्याविरुद्ध उभे राहणाऱ्याला.

हीच परंपरा वाडिया बंधूंनी बोलपटात नेली. जे. बी. एच. वाडिया हे तरुणपणापासून अमेरिकन चित्रमालिकांचे चाहते होते. ‘हंटरवाली’ (१९३५) या चित्रपटाने नादिया, म्हणजे पर्थ येथे जन्मलेली मेरी एव्हान्स, देशभर प्रसिद्ध झाली. त्यानंतर होमी वाडिया यांनी दिग्दर्शित केलेला ‘मिस फ्रंटिअर मेल’ (१९३६) हा सरळसरळ खूनरहस्याच्या साच्यातला आहे. उपस्टेशनमास्तरचा खून होतो आणि आळ येतो तो निरपराध स्टेशनमास्तर मगनलालवर. ‘सिग्नल एक्स’ नावाचा मुखवटाधारी सूत्रधार पडद्याआड असतो. मगनलालची मुलगी सविता, म्हणजे नादिया, धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी करीत त्याचा माग काढते. ‘इलेन’शी याचे साम्य उघड आहे : वडिलांवरील संकट, मुखवटाधारी शत्रू आणि धाडसी मुलगी. भेदही तितकाच उघड आहे. इलेनचे वडील खुनाला बळी पडतात. सविताचे वडील कायद्याच्या चुकीला बळी पडतात. इलेनला खुनी शोधायचा आहे. सविताला खुनी शोधून निर्दोष माणूस तुरुंगातून सोडवायचा आहे. १९३६ सालच्या भारतीय प्रेक्षकाला, तुरुंगात असलेला प्रत्येक माणूस गुन्हेगार नसतो, हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

रामशास्त्र्यांचा प्रश्न

येथवरचे विवेचन बाजारू मानल्या गेलेल्या चित्रपटांचे झाले. पण ज्या चित्रपटांना मराठी समाजाने आदराचे स्थान दिले, त्यांतही हाच प्रश्न आढळतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांनी तलवार चालवली हे सर्वांनी पाहिले होते. प्रश्न होता हुकूम कोणाचा, हा. मूळ पत्रातील ‘धरावे’चे ‘मारावे’ केले गेले, ही आनंदीबाईंविषयीची आख्यायिका इतिहासकारांनी जशीच्या तशी स्वीकारलेली नसली, तरी ‘ध चा मा’ हा वाक्प्रचार मराठीत कायमचा राहिला. राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री प्रभुणे हे मराठी मनातले न्यायाचे प्रतीक ठरले. ‘प्रभात’ने १९४४ साली ‘रामशास्त्री’ हा चित्रपट काढला. त्यात गजानन जागीरदार यांनी रामशास्त्र्यांची भूमिका केली.

‘रामशास्त्री’ला कोणी खूनरहस्यपट म्हणत नाही, आणि तसे म्हणण्याचे कारणही नाही. पण त्याची रचना पाहिली तर राजघराण्यातील खून, फेरफार केलेले पत्र, गारद्यांमागचा सूत्रधार आणि त्याला तोंडावर दोषी ठरवणारा न्यायाधीश, असे खूनरहस्याचे सारे घटक त्यात दिसतात. मराठी परंपरेतील हा प्रश्न चित्रमालिकेहून कितीतरी जुना होता. मुंबईच्या प्रेक्षकाने परदेशी खूनरहस्य आपलेसे केले, ते केवळ त्यातील थरारासाठी नसावे. ‘हात कोणाचा’ आणि ‘हुकूम कोणाचा’ यांत भेद करण्याची सवय त्याला बखरींनी, पोवाड्यांनी आणि लोककथांनी आधीच लावली होती.

एका आक्षेपाचा विचार

या प्रतिपादनावर असा आक्षेप घेता येईल की, कोहिनूर किंवा वाडिया या कंपन्या नफ्यासाठी चित्रपट काढत होत्या. गाजलेला खटला म्हणजे आयती जाहिरात. त्यात न्यायाचा विचार शोधणे म्हणजे पश्चात बुद्धी होय. या आक्षेपात तथ्य आहे. निर्मात्यांचा हेतू व्यापारी होता, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र व्यापारी निर्माता तेच विकतो ज्याला गिऱ्हाईक असते. बावला प्रकरणावर चित्रपट काढावासा वाटला, याचा अर्थ त्या प्रकरणाची उत्सुकता निकालानेही शमणार नाही, असा निर्मात्याचा अंदाज होता. आपला विषय निर्मात्याचा हेतू नसून प्रेक्षकाची भूक हा आहे, आणि तिचा सर्वांत प्रामाणिक पुरावा धंद्याच्या हिशेबातच सापडतो. तथापि, चित्रपटाची प्रत उपलब्ध नसताना या अनुमानाला मर्यादा आहेत, हे येथे पुन्हा नमूद केले पाहिजे.

निष्कर्ष

१. अमेरिकन खूनरहस्य चित्रमालिकेचे मुंबईत केवळ अनुकरण झाले नाही. तिची भागशः रचना पौराणिक व अद्भुत विषयांकडे गेली, तर तिचा खूनरहस्याचा गाभा समकालीन खटल्यांवरील अखंड चित्रपटांत व पुढे स्टंटपटांत उतरला.

२. या स्थित्यंतरात मूळ प्रश्न बदलला. खुनी कोण, यापेक्षा खुन्याला आणि त्याच्यामागच्या सत्तेला जाब विचारता येतो का, हा प्रश्न मध्यवर्ती झाला. बावला खून आणि ‘कुलीन कांता’ हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय.

३. ब्रिटिश प्रांत आणि संस्थान यांच्या अधिकारसीमांनी पडद्यावर काय दाखवता येईल हे ठरवले. हैदराबाद संस्थानातील, आणि पर्यायाने मराठवाड्यातील, चित्रपटसंस्कृतीच्या अभ्यासात हा घटक विचारात घेणे आवश्यक आहे.

४. उपलब्ध साधने प्रामुख्याने नियंत्रकांची असल्याने प्रेक्षकाचा इतिहास त्यांच्या भीतीच्या नोंदींतून उलट दिशेने वाचावा लागतो.

शेवटी आपल्या अध्यापनाविषयी एक मुद्दा मांडावासा वाटतो. इतिहासाच्या वर्गात साधनांची चिकित्सा शिकवताना आपण ताम्रपट, बखरी आणि दप्तरे यांची उदाहरणे देतो. ती दिलीच पाहिजेत. परंतु आजचा विद्यार्थी दूरचित्रवाणीवरील गुन्हे-मालिका पाहत मोठा झाला आहे. ‘पुढे काय झाले?’ ही उत्सुकता त्याच्यात आहेच. तिला ‘हे कोणी सांगितले, आणि सांगणाऱ्याला कोणाची भीती होती?’ या प्रश्नाची जोड देणे एवढेच आपले काम आहे. जुन्या चित्रमालिकांची रिळे जळाली, कुजली किंवा मोडीत गेली. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र आपल्या पाठ्यक्रमात आणता येण्याजोगा आहे.